चावडीच्या दफ्तरापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला आम्ही निघतो तेव्हा पूर्वी हातात दोनच वस्तू असत: पावतीपुस्तक आणि लांब बांधणीची लाल वही. वहीत तीन रकाने. नाव, गल्ली, रक्कम. एवढ्यावर मंडळाचे काम वर्षानुवर्षे चालले. हिशोब चुकला नाही, आणि वहीतून कोणाच्या घरातली गोष्ट बाहेरही गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातील तरुण सभासदांनी ही वही संगणकावर चढवली. हेतू चांगलाच होता. तीन रकान्यांचे दहा झाले. मोबाईल नंबर, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, रक्तगट, घरातील माणसे. कोणाला रक्त लागले तर लगेच शोधता येईल, ज्येष्ठांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देता येतील. यादी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. तिथून ती कोणत्या ग्रुपवर गेली, हे आज कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या काही महिन्यांत आमच्या ज्येष्ठ सभासदांना फोन येऊ लागले. समोरचा माणूस नाव घेऊन बोले, जन्मतारीख स्वतःच सांगे आणि मग 'खाते बंद पडणार आहे' म्हणे. एका निवृत्त गुरुजींच्या पेन्शनच्या खात्यातले पैसे गेले. ते फोन आमच्याच यादीवरून आले हे सिद्ध करता येणार नाही. पण आले नाहीत, असेही आम्हाला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गुरुजींनी कोणाला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "वहीत होतो तोवर बरा होतो." हे वाक्य आम्हाला वर्षभर बोचत राहिले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आपल्या जिल्ह्यातील नोंदींचा इतिहास थोडा उलगडून पाहायचे ठरवले. आपली माहिती कोणी लिहिली, कोणत्या भाषेत लिहिली, ती कोणाच्या हाती गेली, आणि तिच्यामुळे कोणाचे भले झाले आणि कोणाचे नुकसान झाले?

खासगी कोणाचे?

'खासगी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण मुळात तो सामान्य माणसाचा शब्द नव्हता. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत आणि तिचा स्वतंत्र कारभार. होळकरांकडे दौलतीचा हिशोब वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांचा खर्च या खासगीतून झाला. म्हणजे 'हे माझे, यात दुसऱ्याने डोकावू नये' असे म्हणण्याचा मान सरदार-दरकदारांचा. रयतेचे सारे उघडे. कोणाच्या गोठ्यात किती जनावरे, कोणाच्या शेतात काय पेरले, कोणाकडे किती बाकी, हे कुलकर्ण्याच्या दफ्तरात आणि चावडीवर बसलेल्या चार जणांच्या तोंडी असे.

तरी त्या उघडेपणाला एक मर्यादा होती. कुलकर्ण्याचे दफ्तर त्याच्या घरातल्या रुमालात बांधलेले असे. ते पाहायचे तर त्या घरी जावे लागे, आणि कोण पाहून गेले हे गावाला कळे. दफ्तर शंभर कोसांवर बसलेल्या अनोळखी माणसाला एका क्षणात वाचता येत नसे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण अशाच गावातली आहे. सगळे सगळ्यांना ओळखत, आणि म्हणूनच काही गोष्टी न विचारण्याची रीत होती.

निजामाच्या राज्यातला आपला जिल्हा

आदिलाबाद पूर्वी एदलाबाद. १८७२ मध्ये सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा झाला आणि १९०५ मध्ये त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आपल्याच जिल्ह्यात होते. त्यामुळे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आपली सोयरीक आहे, आणि आपल्या घरांत मराठी बोलली जाते याचे कोणाला नवल वाटत नाही.

या जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू आणि बंजारा बोली बोलल्या जात. सरकारी दफ्तर मात्र आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत. ज्याच्या जमिनीची नोंद, त्याला ती वाचता येत नसे. पट्ट्यावर कोणाचे नाव आहे हे गोंड शेतकऱ्याला पटवारी सांगेल तेवढेच कळे. जंगल तोडून पिढ्यानपिढ्या जमीन कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसराच, असे असंख्य ठिकाणी घडले. जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि वसलेल्या वाड्या उठवल्या. या असंतोषातून कुमराम भीम उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात सहकाऱ्यांसह मारले गेले.

त्यानंतर निजाम सरकारला हे असे का झाले याची चौकशी करावीशी वाटली. ते काम ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. योगायोग असा, की महायुद्ध सुरू झाल्यामुळे हायमेनडॉर्फ स्वतःच शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि त्याच्या हालचालींवर बंधने होती. त्याचे अहवाल १९४५ मध्ये 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने छापले गेले. गोंडांचा प्रश्न जमिनीचा होता तितकाच कागदाचाही होता, हे त्याने स्पष्ट मांडले. मार्लवाईला गोंडीतून शिकवणारे शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि आदिवासींच्या नावे पट्टे देण्याचे काम सुरू झाले.

याच काळात एक मराठी माणूस आपल्या जिल्ह्यात होता, आणि त्याचे नाव या स्मरणिकेत यायलाच हवे. सेतुमाधवराव पगडी. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादेत काम केले, गोंडी आणि कोलामी शिकून घेतली, गोंडीचे व्याकरण लिहिले आणि 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक लिहिले. ज्याची नोंद करायची त्याची भाषा अधिकाऱ्याने आधी शिकावी, हे त्यांनी स्वतः करून दाखवले.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या काळचे पटवारी, देशपांडे, सावकार यांत मराठी घराणीही होती. आमच्यातील काहींच्या घरी अजून जुने उर्दू-मोडी कागद आहेत. आम्ही नेहमीच नोंदवले जाणारे नव्हतो, काही वेळा नोंदवणारेही होतो. दोन वर्षांपूर्वी संगणकावर यादी करताना आम्ही पुन्हा त्याच बाजूला जाऊन बसलो होतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.

अंगठ्याचा इतिहास

ज्याला सही येत नाही त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवत आलो. पण अंगठ्याच्या ठशाचा कारभारात पद्धतशीर वापर आपल्याच देशात सुरू झाला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे या माणसाने 'सही माझी नाही' म्हणू नये, हा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि ठशांच्या वर्गवारीची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

म्हणजे ठसा जन्मला तो अविश्वासातून. त्याच्या आगेमागेच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. एखाद्या जमातीत जन्मला म्हणून माणसाचे नाव ठाण्याच्या रजिस्टरात आणि त्याने हजेरी द्यायची. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. एकदा रजिस्टरात गेलेले नाव पिढ्यानपिढ्या पुसले जात नाही, हे या जमातींइतके कोणाला ठाऊक नसेल.

आपला उत्सवही या नजरेतून सुटला नव्हता. टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिल्यावर मेळ्यांत कोणती पदे म्हटली जातात याकडे इंग्रजांच्या पोलिसांचे बारीक लक्ष असे. इकडे निजामाच्या राज्यात सभेला आधी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे नाव जुन्या पिढीने कधी विसरले नाही.

टेंभलीपासून पुढे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्यांच्याकडे कोणताच कागद नव्हता त्यांना ओळख मिळणार होती. ही गोष्ट लहान नव्हती.

त्याच सुमारास आपल्याकडेही अंगठा यंत्रावर टेकला जाऊ लागला. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन ठशाच्या स्मार्टकार्डावर द्यायला सुरुवात केली. त्याचा परिणाम काय होतो हे पाहण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी आठ जिल्ह्यांत मोठा अभ्यास केला. त्या आठांत आदिलाबाद होते. मजुरी लवकर मिळू लागली, मधल्या हातांची गळती कमी झाली आणि जुन्या पद्धतीपेक्षा ही बरी असे सुमारे ९० टक्के मजुरांनी सांगितले. हे आम्ही मुद्दाम लिहितो. यंत्र आले म्हणजे वाईटच झाले, असे म्हणणारा माणूस पोस्टाच्या खिडकीत मजुरीसाठी हेलपाटे घालून थकलेला नसतो. प्रश्न यंत्राचा नाही. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला लागते आणि ज्याची माहिती त्याला पत्ताच नसतो, प्रश्न तिथे सुरू होतो.

१९ ऑगस्ट २०१४

तो दिवस आपल्या सर्वांना आठवत असेल. तेलंगण राज्य होऊन अडीच महिने झाले होते. 'समग्र कुटुंब सर्वेक्षण' एका दिवसात उरकायचे म्हणून राज्य बंद होते. सुमारे ४ लाख कर्मचारी घरोघर फिरले आणि कोटीहून अधिक कुटुंबांची माहिती घेतली गेली. यादीत नाव राहिले तर रेशन जाईल या धास्तीने मुंबई-भिवंडीहून माणसे गाड्या भरभरून गावी आली. जात, जमीन, घर, गाडी, आजार, बँक खाते, आधार, सगळे विचारले गेले. उच्च न्यायालयात प्रश्न गेला तेव्हा माहिती देणे ऐच्छिक आहे असे सरकारने सांगितले. दारात आलेल्या कर्मचाऱ्याला 'आम्ही सांगत नाही' म्हणण्याची हिंमत आमच्यापैकी कोणी केली नाही.

जनगणना आणि हे सर्वेक्षण यांतला फरक इथे समजून घ्यायला हवा. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाहीत. म्हणजे जनगणनेला सांगितलेली गोष्ट आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, असे कायद्याचे वचन आहे. २०१४ चे सर्वेक्षण त्या कायद्याखाली नव्हते. त्या माहितीला असे वचनही नव्हते.

पुढे राज्य सरकारने 'समग्र वेदिका' नावाची व्यवस्था उभी केली. वाहन नोंदणी, मालमत्ता, वीज, पेन्शन, रेशन अशा सुमारे तीस ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जोडायच्या आणि एक माणूस म्हणून त्याचे चित्र काढायचे. रेशनला कोण पात्र हे ठरवायला ती वापरली गेली. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. हैदराबादेत सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या कुटुंबाला यंत्राने चारचाकीचे मालक ठरवले, कारण नावात साम्य होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये घरोघर जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश झाला. त्या वर्षी जुलैपर्यंत दोन लाखांहून थोडे अधिक अर्ज तपासले गेले, त्यांत १५ हजारांहून जास्त कुटुंबे पात्र निघाली. शंभरात सातआठ घरे. त्यांचे धान्य विनाकारण बंद होते, आणि का बंद झाले हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ही नावाची भानगड आदिलाबादकरांना समजावून सांगायला नको. तेलुगू रीतीत घरचे नाव आधी येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव. कारकुनाने एका कागदावर आडनाव पुढे लिहिले आणि दुसऱ्यावर मागे. 'विठ्ठल' तेलुगूत गेला, तिथून इंग्रजीत आला, आणि तीन कागदांवर तीन विठ्ठल झाले. 'ज्ञानेश्वर' तर विचारूच नका. आत्राम, कुमरा, मडावी, सिडाम यांच्याकडे एकेका आडनावाची शेकडो घरे आणि त्यांत तीच ती नावे. पूर्वी पटवारी म्हणे, "हा ओढ्याकाठचा भीमराव, तो पिंपळाजवळचा." यंत्राला ओढा दिसत नाही आणि पिंपळही दिसत नाही.

केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या चौदा गावांची गत तर याहून वेगळी. तिथल्या लोकांकडे वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आणि रेशनकार्डे आहेत, कारण दोन्ही राज्ये गावांवर हक्क सांगतात. दोष गावकऱ्यांचा नाही. पण दोन नोंदी जुळवून 'दुबार' शोधणाऱ्या यंत्राच्या हिशोबी असा प्रत्येक माणूस संशयितच ठरायचा.

रबरी अंगठे

२०१८ च्या जूनमध्ये गोदावरीपलीकडच्या पेद्दपल्ली जिल्ह्यातील धर्मारम येथे एक प्रकार उघडकीस आला. सिमकार्ड विकणाऱ्या एका दुकानदाराला विक्रीचे लक्ष्य गाठायचे होते. जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर होत्या. त्यांवर घेणाऱ्या-देणाऱ्याचे ठसे होते आणि आधार क्रमांकही. त्याने त्या प्रती उतरवून घेतल्या, रबरी शिक्का करतात तशा यंत्रावर ठशांचे रबर बनवले आणि हजारो सिमकार्डे परस्पर चालू केली. ज्यांच्या नावावर ती निघाली, त्यांनी फक्त शेत विकले होते किंवा घेतले होते.

हर्शेलला ठसा हवा होता तो माणूस नाकारू शकणार नाही म्हणून. इथे तोच ठसा माणसाला न विचारता चालला, आणि नाकारण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१७ मध्ये, सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिले होते की चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक कोणालाही दिसत होते. चोरी झाली नव्हती, कुलूप तोडले नव्हते. रोजगार हमी आणि पेन्शनच्या याद्या पारदर्शकतेसाठी लावल्या होत्या आणि त्यांत हे क्रमांक तसेच राहून गेले होते. आमच्या मंडळाच्या यादीचे झाले ते याहून वेगळे नाही.

खासगी सेवांची तऱ्हा निराळी. २०२० मध्ये टाळेबंदीने रोजगार गेले तेव्हा झटपट कर्ज देणारी ॲप गावोगाव पोहोचली. ॲप उतरवताना एक बटण दाबावे लागे, आणि त्या बटणाने फोनमधील सगळे नंबर आणि फोटो कंपनीकडे जात. हप्ता चुकला की सासरी, ऑफिसात, शेजारी फोन आणि घाणेरडे फोटो. तेलंगणात यातून आत्महत्या झाल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये पोलिसांनी मोठी धरपकड केली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला भारतीय बाजारात कर्जाची सुमारे ११०० ॲप आढळली, त्यांतली ६०० बेकायदेशीर. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने नियम केला, की कर्जाच्या ॲपने फोनमधील संपर्कयादी, फोटो, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. पूर्वी सावकार दारात येऊन बसे तेव्हा फक्त गल्लीला कळे. हा सावकार आपल्याच फोनमधून आपल्या सगळ्या गोतावळ्याच्या दारात बसत होता.

न्यायालयाचे दार

रात्री-अपरात्री पोलिसांनी घरात शिरून पाहावे का, हा प्रश्न १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रात्रीच्या त्या भेटी न्यायालयाने रद्द केल्या, पण खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असे मानले नाही. ते व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडले. निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या आधारविषयक याचिकेतून उपस्थित झालेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खासगीपण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही होते. आणीबाणीत वडील यशवंतराव चंद्रचूड ज्या निकालात सहभागी होते, तो मुलाने याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. राजवाड्यातला 'खासगी' शब्द त्या दिवशी रिक्षावाल्याचा आणि मजुराचाही झाला.

हा हक्क आपल्या दारात आला तो २०२० मध्ये. 'धरणी' पोर्टलसाठी पंचायतीचे कर्मचारी घराघरांत मोबाईलवर माहिती भरू लागले. घर कोणाचे, आधार काय, जात काय, कुटुंबात कोण कोण. तेलंगण उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये शेतीबाहेरच्या मालमत्तांची ही माहितीगोळी थांबवली. कोणत्या कायद्याने विचारता, आणि ती सांभाळणार कशी, हा न्यायालयाचा रोख होता. डिसेंबरमध्ये नोंदणीसाठी आधारचा आग्रह धरू नका असेही बजावले गेले.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी हवी ते सांगायचे, लागेल तेवढीच घ्यायची, काम झाल्यावर पुसायची, हे त्याचे सार. सरकारला त्यात बऱ्याच सवलती आहेत, यावर टीकाही होते. तरी तत्त्व आपल्या जुन्या लाल वहीचेच आहे. लागेल तेवढेच लिहावे.

आपण काय करावे

गेल्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. आधार, पासबुक, मोबाईल, ओटीपी. आपल्या मार्केट यार्डाबाहेर आम्ही स्वतः पाहिले. म्हातारे शेतकरी दुकानातल्या पोराच्या हातात फोन देऊन बाजूला उभे होते. पोरगा बिचारा मदतच करत होता, पण शेतकऱ्याचे सगळे दफ्तर त्याच्या हातात होते. उर्दू कागद पटवाऱ्याकडून वाचून घेणारा गोंड शेतकरी आम्हाला तिथे आठवला. फक्त कागदाची भाषा बदलली होती.

म्हणून मंडळाच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. वर्गणीच्या यादीत पुन्हा तीनच रकाने. रक्तगटाची यादी वेगळी, ज्यांची इच्छा असेल त्यांचीच, आणि ती एका सभासदाकडे कागदावर. जुनी संगणकावरची यादी आम्ही पुसली आणि ग्रुपवरूनही काढायला लावली. बाहेर गेली ती गेली. त्याबद्दल या स्मरणिकेतून सर्व सभासदांची आणि विशेषतः गुरुजींची आम्ही माफी मागतो.

उत्सवाच्या पाचव्या दिवशी मंडपात दोन तास तरुण मंडळी बसतील. आधारवरील ठशाला कुलूप कसे लावायचे, आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत कशी काढायची, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते 'संचार साथी'वर कसे पाहायचे, हे ज्याला हवे त्याला शिकवतील. मराठी, तेलुगू आणि गोंडी, तिन्ही भाषांत. फोन तुमच्याच हातात राहील, बोट तुमचेच चालेल. फसवणूक झाली तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा, आधारबद्दल विचारायचे तर १९४७. दुसरा तरी पाठ करायला अवघड नाही.

२०२७ ची जनगणना मोबाईल ॲपवर होत आहे. तिला खरी माहिती द्यावी, मातृभाषेच्या रकान्यात मराठी, गोंडी, कोलामी जे असेल ते न विसरता सांगावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ती माहिती कायद्याने झाकलेली आहे. बाकी कोणी दारात आले किंवा फोनवर आले, तर आधी विचारावे: कशासाठी, कोणत्या कायद्याने, आणि किती दिवस ठेवणार?

आपला बाप्पा स्वतः लेखनिक. महाभारत लिहून घेताना व्यासांनी त्याला अट घातली होती, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. पगडींनी आपल्या जिल्ह्यात गोंडी शिकून ती अट पाळली. आमच्याकडून ती सुटली होती. यंदाची वही उघडताना पहिल्या पानावर 'श्री गणेशाय नमः' लिहिले आणि खाली तीन रकाने आखले.